शंभर टक्के ओल

ए, आधी नुसतं ऐक. मधे बोलू नको, हसू नको, "मग पुढं?" असं पण विचारू नको, सांगतोच आहे मी. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडंना झालंय.

आपली गोष्ट सांगणारे सगळे कसे सुरुवात करतात, माहितीये ना? मी एक जुना अमुक आहे, मी एक जुना तमुक आहे. मी काय जुना-बिना नाही बे. तीन वर्षं पण झाली नाहीत मला. मी एक ओल मोजायचा मीटर आहे. हवेतली ओल. दिसायला साधा आहे. एका पांढऱ्या पट्टीवर काचेच्या दोन नळ्या, दोन्हींत लाल रेघ, शेजारी आकडे. तापाचा थर्मामीटर असतो ना, तसलेच दोन, पण जुळे. एकाचं नाव सुका, एकाचं ओला. ओल्याच्या खालच्या गोळीला सुती कापडाची वात गुंडाळलेली असते, आणि वातीचं टोक खाली एका छोट्या डबीत, पाण्यात सोडलेलं असतं.

आता हे नीट ऐक, कारण सगळा घोळ हितंच आहे. माठातलं पाणी गार का होतं? बाहेरनं ओलं असतं, ते वाळतं, वाळताना गार करतं. तसंच माझा ओला. वात पाणी पिते, ते पाणी हवेत वाळतं, आणि ओल्याची रेघ खाली येते. हवा जितकी कोरडी, तितकं पाणी झपझप वाळतं, तितका ओला खाली. मग सुका कुठं आणि ओला कुठं, त्यातला फरक बघायचा. फरक मोठा म्हणजे हवा कोरडी. फरक छोटा म्हणजे हवा ओली. फरक शून्य म्हणजे शंभर टक्के ओल, पावसाळ्यात ढगात बसल्यासारखं.

कळलं ना? बास. एवढंच येतं मला. पण हे मला लई भारी यायचं.

माझी पहिली नोकरी सोलापुरात, अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात. चाळीस माग, दिवसभर खडाखडा खडाखडा. हवा कोरडी झाली की सूत तटातटा तुटतं, म्हणून मला मधल्या खांबावर टांगलेलं. माझी डबी भरायचं काम सावित्रम्माकडं होतं. ती मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, पन्नाशीची असेल, घरी तेलुगू बोलायची आणि माझ्याशी पण तसंच.

"एम रा, नीळ्ळु पाहिजे ना तुला?" असं म्हणत रोज सकाळी डबीत पाणी ओतायची. नीळ्ळु म्हणजे पाणी. मग डोळे बारीक करून फरक बघायची आणि एकदम ओरडायची, "ए बसप्पा, आठ झाला रे फरक! पाणी मार की खाली! सूत तुटलं तर शेट तुला गुंडाळंल टॉवेलात!"

"मला गुंडाळायला तुझे चार टॉवेल लागतील, अम्मा," बसप्पा म्हणायचा, आणि पोटावर हात फिरवत बादली उचलायचा.

मला वाटायचं, हा अख्खा कारखाना माझ्या शब्दावर चालतो. खोटं कशाला सांगू, लई फुगलो होतो मी.

मग एक दिवस शेटनी नवीन मीटर आणला, हिरवे आकडे चमकणारा. त्याला ना पाणी लागायचं, ना वात. मला खाली उतरवला आणि ड्रॉवरमध्ये टाकला, नट-बोल्ट आणि तुटक्या पान्याच्या शेजारी. त्याच महिन्यात सावित्रम्मानी गुडघ्यामुळं काम सोडलं. आठ महिने पडून होतो. वात वाळून पिवळी झाली. कुणी विचारलं नाही.

विचारलं ते रत्नदीपनी. रत्नदीप तिथला फिटर, तेवीस-चोवीस वर्षांचा, कायम हाताला ग्रीस. पाना शोधता शोधता मी सापडलो.

"शेट, हा चालू आहे का?"

"चालू असायला त्यात हाय काय? काचंच्या दोन नळ्या. घेऊन जा की. काय करणार हायेस?"

"बहिणीनं साप पाळलाय. त्याच्या पेटीत लावतो."

शेटनी आधी पाय उचलून खुर्चीवर घेतले. मग म्हणाले, "न्हे बाबा, मीटर ने. साप मात्र हिकडं आणू नको."

असा मी शुक्रवार पेठेत आलो. दोन खोल्यांचं घर, तीन माणसं. रत्नदीप, त्याची बहीण संघप्रिया, आणि आई मुक्ताबाई. आई दवाखान्यात आया आहेत, त्यांचं माहेर माढ्याकडचं. संघप्रिया बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. आणि चौथा तो. बाहेरच्या खोलीत, टेबलावर, पुढं काच लावलेल्या लाकडी पेटीत. दोन हात लांब, मनगटाएवढा जाड, काळपट अंगावर सोनेरी-तपकिरी नक्षी, एकदम सोलापुरी चादरीसारखी. म्हणून त्याचं नाव जकार्ड. चादरीची नक्षी ज्या मागावर निघते ना, त्याचं नाव.

घाबरू नको, बिनविषारी अजगर आहे तो, परदेशी जातीचा, माणसांतच जन्मलेला. संघप्रियाची मैत्रीण कीर्ती पुण्याला हॉस्टेलवर गेली, तिला ठेवता येईना, म्हणून रीतसर सरकारी नोंदणीचे कागद नावावर करून हिनं घेतला. आपल्या रानातला साप घरात ठेवणं गुन्हा आहे, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. शेजारच्या चंद्रिकाकाकूंना तर तीन वेळा.

मुक्ताबाईंना मात्र तो साप म्हणजे साप. पेटीपुढून जाताना पदर आवळून जायच्या.

"संघे, एक सांगते," त्या म्हणालेल्या, मी समोरच होतो. "पाळलंस, पाळ. पर मुका जीव हाय. तुज्या हातनं त्याचं हाल झालं तर मी त्याला हितं ठिवणार न्हाय. ज्याला जमतंय त्याला दिऊन टाकायचा. तवा रडायचं न्हाय."

"आई, मी जीव लावते त्याला."

"जीव सगळीच लावत्यात. निभवायचं बग."

संघप्रियानी ते मनावर घेतलं. तिनं मला धुतला, जुनी वात उकळून पांढरी केली, आणि पेटीच्या आत, काचेला रबरी हूक चिकटवून त्यावर टांगला. वहीचं पान फाडून कोष्टक लिहिलं आणि बाहेरून लावलं. सहाचा फरक म्हणजे साठ टक्के. जकार्डला साठ लागतात, कात टाकायच्या वेळी सत्तर. ओल कमी पडली तर कात अंगावरच वाळते. फार ओल झाली तर अंगाला फोड येतात, छाती भरते. दोन्हीकडून मरण. आणि मधली वाट दाखवायला मी.

जानेवारीत त्यानं कात टाकली. काय सांगू तुला! नाकापासून शेपटीपर्यंत एकसंध, मोजा उलटा काढावा तशी. डोळ्यांवरची पारदर्शक टिकलीसुद्धा त्यातच. सापाला पापणी नसते ना, डोळ्यावर एक टिकली असते, ती पण कातीबरोबर निघावी लागते. संघप्रियानी ती कात खिडकीपुढं धरली आणि म्हणाली, "दादा, हे सगळं ह्या मीटरमुळं बरं का. लई खरा आहे हा."

लई खरा. बघ, अजून आठवतंय मला.

मग फेब्रुवारीच्या शेवटी माझी वात काळी पडली, बुळबुळीत झाली. संघप्रिया म्हणाली, "दादा, वात बदलायला पाहिजे. सुती कापड आण की कुठलंतरी."

"कुठलंतरी कशाला बे?" रत्नदीपची छाती फुगली. "टॉवेलच्या कारखान्यात आहे तुझा भाऊ. एक नंबर आणतो."

आणि आणली. टॉवेलच्या काठाची पट्टी, पांढरीशुभ्र, कडक, वास पण नवीन. "आज सकाळी मागावरून उतरलाय. हातसुद्धा लागला नाही कुणाचा." दोघांनी मिळून ती मला गुंडाळली, दोऱ्यानं आवळली. रत्नदीपनी बोटं पाण्यात बुडवून वरनं दाबली. टोक डबीत सोडलं. मी पण खूश. नवीन कपडे कुणाला नको असतात?

पहिला तासभर फरक सहा. मग पाच. मग तीन. संध्याकाळी एक. दुसऱ्या दिवशी सकाळी शून्य.

आता तू म्हणशील, कसं काय? मला पण आधी कळलंच नाही. वर दाबलेलं पाणी वाळून गेलं, आणि खालनं नवीन पाणी येईना. डबी भरलेली, वात पाण्यात बुडालेली, तरी ती पाणी पीतच नव्हती. कोरडीच्या कोरडी. माझा ओला नावालाच ओला राहिला, आतनं सुकाच. दोघं जुळे खांद्याला खांदा लावून उभे. आणि दोघं सारखे म्हणजे कोष्टकात काय? शंभर टक्के ओल.

संघप्रिया कॉलेजला जाताना वाकून बघायची. त्या दिवशी तिचा चेहरा पडला.

"दादा, शंभर दाखवायलाय."

"एवढी? तू पाणी लई मारतेस त्याच्यावर."

"डबीतलं पाणी पण कमी होईना बघ. काल भरलं तेवढंच आहे. हवेत इतकी ओल आहे की वाळतच नाही ते."

एकदम बरोबर विचार केला पोरीनं. हुशार आहे ती. फक्त उलटा.

फोड येतील, छाती भरेल, ह्या भीतीनं तिनं फवारा मारायचा बंद केला. पेटीच्या झाकणाची भोकं उघडली. ओल्या शेवाळाची डबी असायची, त्यात तो जाऊन बसायचा, ती काढून घेतली. नारळाचा ओला भुसा काढून कागद अंथरला. पाण्याचं मोठं पातेलं काढून छोटी वाटी ठेवली. रोज येऊन माझ्याकडं बघायची. मी शून्य. ती अजून काहीतरी काढायची.

आणि बाहेर मार्च लागला होता बे. सोलापूरचा मार्च. गच्चीवर चंद्रिकाकाकूंचे पापड दोन तासांत वाळून टणक. दोरीवर कपडे घालून पाठ फिरवलीस की वाळलेले. आणि मी पेटीत बसून सांगायलोय, शंभर टक्के ओल.

मी ओरडलो नाही असं समजू नको. पण मी कसं ओरडणार? माझ्याकडं दोनच रेघा आहेत. त्या जिथं असतात तिथं असतात.

जकार्ड मात्र सांगत होता. त्याचे डोळे दुधाळ झाले, निळसर. म्हणजे कात टाकायची वेळ आली. अंगावरची नक्षी विटली, जुन्या चादरीसारखी. तो वाटीभोवती वेटोळं घालून बसायचा, त्यात मावायचा नाही तरी अर्धं अंग आत कोंबायचा. वाटी कलंडली. संघप्रिया म्हणाली, "बघ दादा, अजून ओलं करायलाय," आणि वाटी पण काढून घेतली. सकाळ-संध्याकाळ तेवढी ठेवायची, पाणी पिऊन झालं की उचलायची. उचलताना तिचे डोळे भरायचे. "तुझ्यासाठीच करायलीय रे राजा." हे ती त्याला म्हणायची, आणि मी समोर.

मग तो नाक घासायला लागला. काचेला, लाकडाला, माझ्या पट्टीला. रात्रभर खर्र खर्र. कात सुटायला लागली, पण कशी? पापुद्रे. हितं एक तुकडा, तितं एक तुकडा, मधे घट्ट चिकटलेली. शेपटीच्या टोकाला आवळलेली कडी. आणि डोळ्यांवर दोन्ही टिकल्या तशाच, सुरकुतलेल्या, काचेवर वाळलेल्या डिंकासारख्या. आंधळाच झाला तो. पाण्याची वाटी ठेवली तर जीभ काढत काढत शोधायचा.

रविवारी दुपारी रत्नदीप घरी होता. आई ड्युटीवर. दोघांनी पेटीचं झाकण काढलं.

"असं ठेवून चालणार नाही," रत्नदीप म्हणाला. "आईनं बघितलं तर आजच देऊन टाकायला लावंल. काढून टाकू आपण."

"ओल कमी पडली की असं होतं म्हणतात, दादा. मी वाचलंय."

"अगं, पण ओल कमी कुठाय? मीटर बघ की. शंभर आहे. ओल भरपूर, तरी निघंना, म्हणजे चिकटलीय. घड्याळाचा चिमटा आहे माझ्याकडं. जरा ओढलं की निघतंय."

"डोळ्यावरची पण?"

"तीच तर आधी."

संघप्रियानी जकार्डला हातात घेतलं. आणि मग तिनं माझ्याकडं बघितलं. असं थेट. परीक्षेत शेवटचं उत्तर लिहायच्या आधी पोरं छताकडं बघतात ना, तसं. तिला फक्त कुणीतरी थांबवायला पाहिजे होतं.

आता माझं खरं दुखणं ऐक.

माझा रबरी हूक त्या कोरड्या हवेत आठवडाभर सुटत चालला होता. वरचा कोपरा उचकटलेला. जकार्डनी नाक घासलं की मी थोडा खाली यायचो. त्या दिवशी तर नुसता काठावर होतो. झाकण उचललं तेव्हा पेटी हलली, आणि मला कळलं, मी आता अंग टाकलं तर पडतो. पडलो तर फुटतो. फुटलो तर काय? दोघं दचकतील. चिमटा बाजूला ठेवतील. आणि फुटक्या मीटरवर कुणी विश्वास ठेवत नाही. ते खोटं शंभर माझ्याबरोबर संपलं असतं.

पण खाली काच सांडली असती. जकार्ड परत त्याच पेटीत जाणार होता. एखादी चीर कागदाखाली राहिली असती तर? हे एक. आणि दुसरं, आता तुझ्यापासून काय लपवायचं, मला भीती वाटली. फुटायची. आणि ती मला लई खरा म्हणाली होती ना. फुटलो असतो तर ती म्हणाली असती, बिचारा, किती खरा होता. टिकलो तर कधीतरी कळणार की मी खोटा. तरी पण मला टिकायचं होतं.

मी अंग आवळून धरलं. पडलो नाही.

रत्नदीपनी चिमटा लावला. डाव्या डोळ्याची कड पकडली आणि ओढली. जकार्डनी असा झटका दिला की संघप्रियाच्या हातातून निसटला, आणि पहिल्यांदाच, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, त्यानं फूत्कार टाकला. मग स्वतःचं डोकं मधे लपवून घट्ट गोळा झाला. चिमट्याला टिकलीचा अर्धा तुकडा होता. आणि डोळ्याला कापूस टेकवला तेव्हा त्यावर जरासं लाल.

"दादा, काय केलंस हे?"

"अगं, मला वाटलं..."

तेवढ्यात दारात चप्पल वाजली. मुक्ताबाई. आज लवकर सुटल्या होत्या. पिशवी तशीच हातात.

"काय चाललंय?"

त्यांनी चिमटा बघितला, कापूस बघितला, गोळा झालेला साप बघितला.

"डोळ्याला चिमटा लावला व्हय? रत्न्या, अरे बारा वरसं दवाखान्यात हाय मी! डोळ्यातलं कुसळ काढायला बी डॉक्टर हात धुऊन दहा मिंटं बगत बसतूय. आन् तू मागाचा फिटर!"

"आई, कात निघत नव्हती," संघप्रिया रडायलाच लागली. "ओल तर सगळी बरोबर आहे. उलट जास्तच आहे. शंभर टक्के."

"कुटं हाय?"

"पेटीत. मीटर बघ."

मुक्ताबाईंनी माझ्याकडं बघितलंच नाही. त्यांनी आपलं पाऊल पुढं केलं. "ही टाच बग. भेगंत चवलीचं नाणं मावंल. व्हट बग माजं, बोलताना रगत येतंय. भाइर कुत्री गटारीत बसायल्यात. आन् तुज्या लाकडाच्या पेटीत तेवढा पाऊस पडतूय व्हय?"

आणि मग ज्या बाईनं चार महिन्यांत त्या पेटीला बोट लावलं नव्हतं, तिनं बाही वर केली आणि हात आत घातला. कागद चाचपला. चुरचुरला तो. लाकूड चाचपलं. मग दोन बोटांनी माझी वात धरली आणि चुरगळली.

"ही ठणठणीत कोरडी हाय."

"असं कसं? डबीत पाणी आहे की," रत्नदीप म्हणाला.

"कुटलं कापड हे?"

"टॉवेलचं. एकदम नवीन, कोरं, मागावरनं उतरवून..."

बोलता बोलता तोच थांबला. त्याचा चेहरा मला अजून दिसतो.

"नवा टॉवेल पानी पितो का रं?" मुक्ताबाई हळू म्हणाल्या. "सुताची खळ जाईस्तोवर पानी वरच्यावर पळतंय. दोनदा धुतल्याबिगर आंग बी पुसलं जात न्हाय. आन् तू टॉवेलच्या कारखान्यात हायेस, ल्येका."

संघप्रियानी ती पट्टी सोडवली, घरातल्या जुन्या विरलेल्या टॉवेलची एक फीत कापली, ओली केली आणि मला गुंडाळली. तिघं समोर उभे. माझा ओला खाली उतरायला लागला. एक, तीन, सात, अकरा, तेरा. तेराला थांबला.

कोष्टकात तेरा नव्हतंच. एवढं कोरडं कधी होईल असं तिला वाटलंच नव्हतं. तिनं पुस्तकातलं मोठं कोष्टक काढलं. पंचवीस टक्केसुद्धा भरत नव्हते.

रत्नदीप चिमटा घेऊन मोरीत गेला आणि नळाला पाणी नसताना उगाच तिथं उभा राहिला.

कीर्तीनं पुण्याच्या डॉक्टरांचा नंबर दिला, सापांचं बघतात ते. व्हिडिओ कॉलवर त्यांनी बघितलं, आणि पहिलं वाक्य काय म्हणाले, "डोळ्याला आता कुणीही हात लावायचा नाही. कुणीही." मग कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या जुन्या सुती साड्या एका डब्यात, त्यात जकार्ड, तासभर. साड्या मुक्ताबाईंनी दिल्या. पिळायला पण त्याच बसल्या. अंगावरची कात हळूहळू सुटली, एकेक पट्टा. शेपटीची कडी निघाली. उजव्या डोळ्याची टिकली आपोआप घसरली.

डाव्या डोळ्याचं तसं झालं नाही. तिसऱ्या दिवशी संघप्रिया आणि रत्नदीप त्याला कापडाच्या पिशवीत घालून पुण्याला घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, जखम वरच्या थराला आहे, औषध घाला, ओल साठ-सत्तर ठेवा. डोळा राहिला की गेला ते पुढच्या कातीला कळंल.

परत आल्यावर संघप्रिया आईपुढं बसली. "तू म्हणाली होतीस. देऊन टाकू का?"

मुक्ताबाई पेटीपाशी जाऊन वाकल्या. "डोळा कळू दे आदी," म्हणाल्या. "अर्दं दुखनं दुसऱ्याच्या दारात टाकायचं न्हाय."

म्हणजे अजून काहीच ठरलं नाही. त्या पुढच्या कातीवरच सगळं अडकलंय.

आणि मी? मला वाटलं, मला आता फेकतील. नाही फेकलं. नवीन हूक लावला, परत आत टांगला. दर रविवारी वात धुतात, उकळतात. संघप्रिया अजून रोज वाकून माझा फरक बघते. पण आता बघितल्यावर वात दोन बोटांत धरते, मग भुशात बोट खुपसते, मग झाकणाला आतनं तळवा लावते. तेव्हाच वहीत लिहिते. बरोबर करते. तू पण असंच कर. आमच्यासारख्यांवर नुसता विश्वास टाकू नको, आम्हाला सांभाळ पण. आम्ही बिघडतो तेव्हा आम्हाला "मी बिघडलोय" असं म्हणता येत नाही. आम्ही तितक्याच ठामपणे चुकीचा आकडा दाखवतो. आणि मुकं जनावर काय सांगायलंय, ते आकड्याच्या आधी बघ.

आज सकाळी जकार्डचा उजवा डोळा परत दुधाळ झालाय. म्हणजे आठ-दहा दिवसांत कात. डावा आधीच पांढरट आहे, त्याच्यावरनं काहीच कळंना. संघप्रियानी शेवाळाची डबी ओली करून ठेवलीय, तो त्यातच बसलाय, डोकं तेवढं बाहेर. तोंड माझ्याकडं आहे. कुठल्या डोळ्यानं बघायलाय, काय माहीत.

आणि मी तेच तेच आठवत बसतो. चिमटा उचललेला, पोरगी माझ्याकडं बघायलेली, हूक काठावर आलेला. पडलो असतो तर त्याचा डोळा वाचला असता. किंवा काच घुसून तोच मेला असता. नक्की काय झालं असतं, ते मला मोजता येत नाही.

आता बोल. इतका वेळ गप्प बसलास ना, आता बोल. तू माझ्या जागी असतास, तर अंग टाकलं असतंस? की धरून राहिला असतास? काय केलं असतंस तू?